मेंदूपर्यंत न पोचलेलं औषध

इन्सुलिनचा फिनाईलसारखा वास आला की धाकट्या बहिणीने डॉक्टरांशी घातलेली हुज्जत आठवते. तिला मधुमेह जुनाच होता, त्यात स्तनाचा कर्करोग झाला आणि तो अंगभर, मेंदूतही पसरला. सलाइनमधून दिलेल्या औषधाने अंगातल्या गाठी विरल्या, मेंदूतली गाठ मात्र वाढत राहिली. मिरा रोडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हे औषध म्हणजे मोठं प्रोटीन आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की ते पलीकडे जवळजवळ जातच नाही." "आणि माझं इन्सुलिन?" "ते जातं. त्याला धरून पलीकडे नेणारी सोय त्या भिंतीतच असते." "मग बसवा ना औषध त्याच्या पाठीवर!" डॉक्टर हसले नाहीत. "तसे प्रयत्न चाललेत. पण आपल्या हातात अजून काही आलेलं नाही." परतताना तिने भाईंदरला "भैया, दो मिनिट" म्हणत रिक्षा थांबवली आणि उत्तनच्या कोळणीशी घासाघीस करून सुके बोंबील घेतले. पिशवी मांडीवर ठेवत मला म्हणाली, "ताई, मानेखाली तर मी बरी झाले की गं." गणपतीआधीच ती गेली. तिच्या त्या वाक्यात चूक शोधायला मी अजूनही जाते आणि दर वेळी ते बरोबरच निघतं.