विहिरीतल्या माशांचा दहीभात

बाळांनो, डास घालवायला पाण्यात मासे सोडायचा प्रयोग तुमच्या शाळेने दिला आहे, असं फोनवर कळलं. सुरू करण्याआधी हे वाचा. मी प्राणिशास्त्राची पदवीधर. हाच प्रयोग मी ऐंशीच्या दशकात कुंभकोणमच्या घरी केला आणि डास वाढवले.

त्या वर्षी डास असे, की एका हाताने कॉफी ओतावी आणि दुसऱ्याने स्वतःच्याच थोबाडीत मारावी! शेवटी मी परसातल्या विहिरीत गप्पी मासे सोडले. गुपचूप! कारण विहिरीवर राज्य सासूबाईंचं. त्या माझ्या सख्ख्या आत्या (आमच्याकडे तसं चालतं, रागवायचे हक्क दुप्पट). सोवळ्यात स्वतः शेंदलेल्या पाण्याशिवाय त्या थेंब घेत नसत.

द्वादशीची सकाळ. निर्जळी एकादशी सोडायला आत्यांनी तांब्या भरला. तांब्यात शेपटी हलली.

"अय्यो! सुमती, हे काय गं?"

"मासा, आत्या. पाण्यातल्या अळ्या खातो."

"म्हणजे माझ्या पाण्यात अळ्याही आहेत?"

मी घाईने म्हटलं, "मत्स्यावतारच समजा ना!"

"अवतार मनूच्या ओंजळीत आला होता. माझ्या पारण्यात नव्हे!"

तुमचे आजोबा दारातून म्हणाले, "आई, नळाचं आणू का?"

"नळाचं? त्यापेक्षा मासा बरा!"

आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. ओठ सुकलेले, कालपासून घोट नाही, पारण्याची वेळ टळत चाललेली. मला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात माशाने तांब्याबाहेर उडी मारली आणि फरशीवर तडफडू लागला. मी, पदवीधर, आ वासून उभी! आत्यांनीच झटकन त्याला ओंजळीत घेतलं.

"बघतेस काय? पाणी ओत!"

"पण आत्या, मी ओवळ्यात..."

"ओत गं! मरेल ते!"

मी ओतलं. मासा विहिरीत परतला. आत्यांनी पुन्हा आंघोळ केली, नवं पाणी शेंदलं, दुहेरी फडक्यातून गाळलं आणि घटाघटा प्यायल्या. मग म्हणाल्या, "राहू देत त्यांना. पण नुसत्या अळ्यांवर किती दिवस काढतील बिचारे?"

त्या दिवसापासून विहिरीत रोज दहीभात पडू लागला. मासे गुबगुबीत झाले. अळ्यांकडे ढुंकूनही बघेनात! डासांची पिढ्यान्पिढ्या भरभराट झाली.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. विहिरीत मासे अजून आहेत. दहीभात मी घालते, आणि मच्छरदाणीत झोपते.