दोरा नसलेली बाटली

इंदू गेल्याचं मला कॅम्पातल्या भाजीवालीकडून कळलं. "बाई, अपनी अदी गई," म्हणत तिने तराजू खाली ठेवला. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. इंदू नर्सला सारा कॅम्प याच नावाने हाक मारायचा. महिना उलटला, तरी त्या भाजीवालीकडे माझं पाऊल वळत नाही...

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी भरलेल्या कॅम्पाच्या बराकींत मी शाळेत शिकवायची, ती सरकारी दवाखान्यात होती. आम्ही एकाच खोलीत राहायचो. दवाखान्याची एक रीत होती. लोक औषधाची आपापली बाटली सकाळीच ओट्यावर रांगेत ठेवून पाणी भरायला जात. मागे कुणी कुणाची बाटली सरकवत नसे. मग निवडणूक जवळ आली आणि मुखींकडून, म्हणजे सिंधी पंचायतीच्या प्रमुखांकडून, त्यांच्या पक्षाच्या माणसांच्या, खुणेचा लाल दोरा बांधलेल्या बाटल्या येऊ लागल्या. त्या आधी भरायच्या, असं डॉक्टरांनीच सांगितलं. बदलीला तेही भीत होते. पाठोपाठ विरुद्ध पक्षाचा हिरवा दोरा आला. मग काय, ज्याला त्याला दोरा! खरा कुठला नि घरी बांधलेला कुठला, हे ठरवण्यातच दुपार व्हायची. नाकापेक्षा मोती जड झाला, औषध राहिलं बाजूला.

अशात एका विधवेची मुलगी तापाने फणफणली. तिने दोरा बांधला नव्हता, म्हणून दोन दिवस तिची बाटली रिकामीच परत गेली. तिसऱ्या दिवशी इंदूने कात्री घेतली आणि ओट्यावरचे सगळे दोरे कापून टाकले. मुखी तणतणत आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मुखीसाहेब, जो पहले आया, उसको पहले." मुलगी वाचली. इंदूची बदली झाली, बदलापूर गावातल्या दवाखान्यात. मला तिचा फार राग आला होता. जरा वाकली असतीस तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं. ती नुसती हसली आणि ट्रंकेत लुगडी भरत राहिली.

तेराव्याला तिच्या भावाकडे मुखी आले आणि सगळ्यांच्या मागे, चपलांपाशी बसले. मला आश्चर्य वाटलं. त्यांनीच सांगितलं, गेल्या वर्षी नातवाचा खोकला हटेना, तेव्हा ते त्याला बदलापूरला इंदूकडे घेऊन गेले होते. नंबर येईपर्यंत दुपार झाली, पण पोरगा बरा झाला. मला राहवेना. कॅम्पातला दवाखाना तर तुमच्याच शब्दावर चालतो, मग तिथे का नाही नेलंत, असं मी विचारलं.

ते मग हळूच म्हणाले, "बेटी, वहाँ हमारी चलती है... इसीलिए."