बाभळीचे ठोकळे

देवमन माझा थोरला भाऊ. अमरावतीत बडनेरा रोडवर लिंबाखाली त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार बल्ल्या आणि वर टिनाचे पत्रे. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत लष्कराच्या ट्रकांखाली निजून तो हे काम शिकला. तेव्हा काळे झालेले हात मरेपर्यंत काळेच राहिले.

जुनी मोटार घ्यायची असली की लोक त्याला सोबत नेत. विकणारा इंजिन सुरू करून दाखवायला धावे आणि दादा आधी मोटारीखाली आडवा होई. मग फडक्यात बांधलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवी. जिथं ते चिकटलं नाही तिथं ठोकर बुजवलेली, असं समजायचं. मीटर कितीही थोडं दाखवो, ब्रेकच्या पायडलाचं रबर झिजलेलं दिसलं की म्हणे, "मीटरले मागं फिरवता येते, पायाले नाही."

माझे यजमान बुधाजी अकोल्याकडच्या एका गावी खुशालरावांच्या घरी ड्रायव्हर होते. खुशालरावांची दोनशे एकर काळी, आणि मुलाचं लग्न जवळ आलेलं. एकसष्ट सालची गोष्ट. अकोल्यात एका वारलेल्या वकिलाची विलायती मोटार विकायची होती. दोन दारांची, लांब नाकाची, जमिनीला चिकटून चालणारी. खुशालरावांनी दादाला बोलावलं. दादानं दोन्ही दारं दहा-दहा वेळा उघडून लावली. दोन्हींचा आवाज सारखा आला.

"सांगाडा सरळ हाये, मालक," तो म्हणाला. "घ्या. पण ही डांबरावरची हाये. गावात नेऊ नका. आन नेलीच तं तिच्यात काही बदलू नका."

"गावात नेली नाही तं लोकायले दिसन कशी?" खुशालराव म्हणाले.

गावच्या वाटेवर खासरांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, मधे उंचवटा. पहिल्याच दिवशी मोटारीचं पोट त्याच्यावर खरडत आलं. खुशालरावांनी शालिकराम सुताराला बोलावलं. खासर बसकं झालं की सुतार आसावर लाकूड घालून त्याला उचलतो. शालिकरामनं तेच केलं. चारही चाकांपाशी, आस आणि सांगाड्याच्या मधे, चार-चार बोटांचे बाभळीचे ठोकळे बसवले. मोटार पाण्यात उतरलेल्या बगळ्यासारखी उंच उभी राहिली. मलाही ती बरी दिसली, खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या आदल्या दिवशी दादा आमच्याकडे आला. भाकर खायच्या आधीच मोटारीखाली गेला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आला आणि तडक खुशालरावांपुढं उभा राहिला.

"मालक, ब्रेकचं तेल चाकाकडे नेते ती रबराची नळी पार ताणली. बोटानं वाजवली तं वाजते. एका खड्ड्यात तुटन. एक तुटली का चारी ब्रेक गेले."

"लाकूड पक्कं हाये," शालिकराम म्हणाला.

"लाकडाले मी कुठी काय म्हणतो? हातब्रेकचा वायर कुठी हाये?"

"आखूड पडून राहिला होता. सोडून ठेवला."

खुशालराव हसले. "देवमन, मोटार पाहाले तुले बोलावलं होतं. लग्न पाहाले नाही."

दादानं मग बुधाजींना गाठलं. "भाऊजी, उद्या तुमी बसू नका. ताप आला म्हना."

"ताप आला म्हनलं तं मालक दुसऱ्याले बसवतीन," बुधाजी म्हणाले. "मंग मी कुठी बसू? तुमच्या लिंबाखाली?"

तो विनोद होता.

सकाळी मी सडा टाकत होते. दादानं बोटाएवढा एक काळा तुकडा माझ्या हातात दिला. इंजिनातला रोटर. तो काढला की इंजिन हूं की चूं करत नाही. "ज्वारीच्या कोठीत टाक," तो म्हणाला. "कोणाले सांगू नको. भाऊजीलेबी नाही." मी कोपरापर्यंत हात घालून तो खाली दाबला. वाटलं, झालं, टळलं.

नवरदेव आत बसला. बुधाजींनी कितीदा तरी किल्ली फिरवली. लोक खोळंबले, वाजंत्री थांबली. मग गर्दीतलं कोणी तरी म्हणालं, "बैल लावा." खुशालरावांना ते आवडलं. झुली घातलेले दोन पांढरे बैल मोटारीला जुंपले आणि सारं गाव टाळ्या पिटत निघालं.

मी दादाकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. माझ्या हाताला अजून ज्वारीचा भुसा लागलेला. तेव्हाच सांगितलं असतं, तर इंजिन सुरू झालं असतं आणि मोटार भरधाव निघाली असती. नाही सांगितलं, तर पुढं नाल्याचा उतार. मी गप्प राहिले.

उतारावर पुढचं चाक एका खड्ड्यात उतरलं. नळी तुटल्याचा आवाज वाजंत्रीत कोणाला आला नाही. मोटार बैलांच्या अंगावर जायला लागली. जड मोटारीपुढं बैल तरी किती पळणार? बुधाजींनी नाल्याच्या काठावर वळवली आणि ती उंच केलेली मोटार एका कुशीवर लवंडली. एक बैल जागीच गेला. नवरदेवाचं मनगट मोडलं. बुधाजींचा उजवा गुडघा त्या दिवसानंतर कधी वाकला नाही.

ठोकळे मात्र तसूभर हलले नव्हते. शालिकराम ते सगळ्यांना दाखवत होता.

वर्षभरानं खुशालराव गॅरेजात आले. तोवर आम्ही अमरावतीलाच राहायला आलो होतो, बुधाजी खरोखरच लिंबाखाली बसून पंक्चर काढत होते. मी कोठीतून काढून दिलेला रोटर दादानं खिशातून काढून खुशालरावांच्या पुढं धरला.

"तूच काढला होता तं," खुशालराव म्हणाले. "इंजिन चालू असतं तं बैल लावले नसते."

"इंजिन चालू असतं तं तुमचा पोरगा नसता. माह्या बहिणीचा माणूसही नसता. मोटार कुठी हाये? आना, ठोकळे काढून देतो."

"विकली. मेळघाटात, धारणीकडच्या एका लाकूडवाल्यानं नेली. तिकडचे रस्ते खराब, त्याले उंचच पाहिजे होती. नवा रोटरही त्यानंच आनला."

दादानं त्यांना नाव विचारलं. खुशालरावांना आठवलं नाही. मेळघाटातून जीप घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दादा पुढं कितीतरी वर्षं विचारत राहिला, दोन दारांची उंच मोटार कुठी दिसली का म्हणून. सगळे म्हणत, नाही. एकानं तेवढं सांगितलं, की दिसली होती, घाट उतरताना, आत लेकरंबाळं भरलेली. कधी, ते त्याला सांगता आलं नाही.