प्रेससमोरचा बाक

नाशिकहून निघताना बॅगेत हिने दिलेला चिवड्याचा डबा होता आणि मी घेतलेलं एक भारीपैकी पेन. पेन आमच्या सायलीसाठी. दोन महिन्यांपूर्वी ती फोनवर म्हणाली होती, "पप्पा, मला वडशाला प्रेसमध्ये काम मिळालंय." मुलगी पत्रकार झाली, ही बातमी मी सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत जातीने पोहोचवली. पण ती दिवाळीलाही घरी आली नाही, आणि सकाळी केव्हाही फोन करा, दुपारपर्यंत झोपलेली! कसला पेपर हा? तिला न कळवता निघालो. 'बॅग भर आणि चल' हे वाक्य नागपूर येईपर्यंत पाठ झालं होतं.

नागपूरहून बस धरली. ब्रह्मपुरीनंतर धानाची कापलेली शेतं, त्यात पुंजणे (पेंढ्यांचे रचलेले ढीग), आणि पार कडेला जंगलाची काळसर रेघ. वैनगंगेचा पूल आला तसा मी उभाच राहिलो. मागून आवाज आला, "बसा ना भाऊ. नदी कुठी जाऊन नाई राह्यली."

वडशाच्या मुख्य रस्त्यावर उतरलो. समोरच चहाची टपरी. चुलीमागे पदर खोचलेल्या रेखाबाई, आणि बाहेरच्या लाकडी बाकावर चष्मा नाकाच्या टोकावर आणून जरीच्या पदराला टाके घालणारे एक गृहस्थ, रफीकभाऊ टेलर.

"इथे प्रेस कुठे आहे हो?" मी विचारलं.

"कोणता प्रेस?" रेखाबाई हसल्या. "या रस्त्यावर प्रेसच प्रेस हाय."

एवढ्याशा गावात इतकी वर्तमानपत्रं! माझी छाती फुगली. मी पोहे मागितले. "पोह्यावर सांबार टाकू?" त्यांनी विचारलं. मी घाबरून नको म्हटलं. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, हे कळलं तेव्हा पोहे संपत आले होते.

"नाटक बुक कराले आले का?" रफीकभाऊंनी सरकून जागा दिली.

"नाटक? नाही. माझी मुलगी प्रेसमध्ये असते. बातम्या लिहिते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रफीकभाऊंनी सुई पदरात टोचून ठेवली. "भाऊ, इथी नाटक कंपनीले प्रेस म्हणते. पहिले पोस्टर छापणारेच नाटकं लावत, तेच नाव राह्यलं." आणि त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतभर पोस्टर. मधोमध, नऊवारीत, डोळ्यांत पाणी आणून उभी असलेली नायिका माझी सायली होती!

पोह्यांची बशी मी तशीच बाकावर ठेवली. रेखाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "म्हंजे तुमीच ते नाशिकचे पप्पा? माय वं! पोट्टी रोज याच बाकावर बसते. पप्पाले कसं सांगू, कसं सांगू, म्हणून जीव खाते आमचा."

पोट्टी! मला राग यायला हवा होता. पण त्या शब्दात त्यांनी मुलगी केव्हाच आपली करून घेतलेली दिसली.

"मग तालीम केली आमी," रफीकभाऊ म्हणाले. "मी पप्पा व्हतो. पोट्टी सांगते, मी भडकतो."

"भडकून काय म्हणता?" मी चाचरत विचारलं.

त्यांनी छाती काढली, भुवया चढवल्या. "बॅग भर आणि चल!" मग हळूच, "बराबर करतो ना?"

शब्दन् शब्द बरोबर होता. भुवयासुद्धा.

तेवढ्यात समोरच्या जिन्यावरून डोळे चोळत सायली उतरली. मला पाहून तिसऱ्या पायरीवर थबकली. रफीकभाऊ उठले. "ये बेटा. खरे पप्पा आले, मी आता सुट्टीवर."

ती आली, उभी राहिली आणि एका दमात बोलली. "पप्पा, मी खोटं नाही बोलले. तुम्ही पेपर समजलात, आणि तुम्ही इतके खूश झालात की मला खरं सांगवेना. मला हेच करायचंय. होळीपर्यंत सीझन आहे. मी येणार नाही." आवाज पार रस्त्याच्या पलीकडे पोहोचला. लोक थांबले.

आता माझी पाळी. आणि नागपूरपर्यंत पाठ केलेलं वाक्य साफ विसरलो!

"बोला ना भाऊ," रेखाबाई कुजबुजल्या. "म्हणा, मले तुयं नाटक पाहाचं हाय."

"मले... तुयं नाटक... पाहाचं हाय," मी म्हणालो. इथल्या झाडीबोलीतलं इतकं वाईट वाक्य त्या रस्त्याने ऐकलं नसेल. सायली आधी हसली आणि मग पोस्टरवरच्यासारखी रडली. तो सीन मात्र तालमीत नव्हता.

दोन दिवसांची रजा चारांची केली. रात्रभर चाललेलं नाटक पाहिलं, माझ्या शेजारचे आजोबा रडत होते आणि मी त्यांना कोपराने ढोसून सांगत होतो, "माझी आहे!" दुपारी मात्र बाक. आदल्या खेळाची चिरफाड, रफीकभाऊंचे टाके, पोह्यावर भरपूर सांबार. चौथ्या दिवशी मी पोचायच्या आधीच रेखाबाईंनी माझा चहा गाळला होता. नव्या पेनाने सायली संवादांवर खुणा करत बसली होती.

नाशिकला परतलो, तर सोसायटीच्या गेटजवळच्या बाकापाशी शेजारच्या देशमुखांनी गाठलं. इतकी वर्षं त्या बाकाजवळ मी फक्त पार्किंगबद्दल भांडलोय.

"काय म्हणते पत्रकार? कोणत्या पेपरात आहे म्हणालात?"

"पेपर नाही हो. प्रेस."

"म्हणजे?"

मी बाकावर बसलो आणि सरकून जागा केली.

"बसा ना भाऊ."