विमलताईच्या मागे वाजणाऱ्या बांगड्या

बोरी अरबात कमरुन्निसाला कुणी कमरुन्निसा म्हणत नाही. कमरूबी चुडीवाली म्हणा, पोर पण घर दाखवेल. डोक्यावर बांगड्यांचं टोपलं आणि जिभेला काचेची धार. नव्या नवरीचा हात हातात घेऊन अशी बोलत बसायची की पोरीला कळायचं नाही बांगडी मनगटावर कधी गेली. कमरूबीनं चुडा भरला की संसार सुखाचा होतो, असं बाया म्हणत. आणि बायांपेक्षा हे कमरूबीलाच जास्त पटलेलं होतं.

कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, ती सालं. कापूस घरात पडून, म्हणून पोरीही घरात. विमलताईच्या पोरीचं, प्रेरणाचं लग्न ठरलेलं, तेही पुढच्या वैशाखावर गेलं. विमलताई म्हणजे पुंडलिकरावांची बायको, टेकाडावरच्या घरची. ती नवरी होऊन आली तेव्हा तिचा चुडा कमरूबीनं भरला, तिच्या नणंदांचा भरला, जावांचा भरला. आता प्रेरणा.

नेमका तेव्हाच कमरूबीला दम लागू लागला. पाय सुजले. आडवी झाली की छातीवर कुणी बसल्यासारखं. दवाखान्यात सांगितलं, हृदय थकलं आहे, पुरेसं रक्त ढकलत नाही. याला हार्ट फेल्युअर म्हणतात. गोळ्या सुरू झाल्या. थोड्याच दिवसांत विमलताईलाही हेच निघालं.

"पाह्य भाऊ," कमरूबी मला, तिच्या शेजाऱ्याला, म्हणाली, "माहा म्हनून एक आजार होता, तो बी नेला त्या बाईनं."

विमलताई भेटायला आली ती वेगळंच बोलली. "कमरूबी, तुले आता टेकाड चढवत नाही वं. प्रेरणाच्या चुड्याले मी दारव्ह्याचा कासार सांगून राह्यली. तू आपली आरामात जेवाले येजो."

जेवायला! कमरूबी त्या दिवशी जेवलीच नाही.

मग दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आली. तिला पाहायचं होतं, अशा पेशंटला औषधाबरोबर बेतानं चालवलं तर फरक पडतो का. गोळ्या सगळ्यांना त्याच. अर्ध्या लोकांना नर्स चालायला शिकवणार, उरलेल्यांचं चालू आहे तसंच. कोण कुठं, हे बंद लिफाफ्यावर. बाईनं सगळं समजावलं, अंगठे घेतले, लिफाफ्यांचा डबा पुढं केला. विमलताईला चालणं निघालं. कमरूबीला काहीच नाही.

"अख्ख्या गावाच्या सुनाइले हा हात लाभते," ती आपल्याच हाताकडं पाहत म्हणाली, "मलेच काहून नाही लाभत?"

मी तडक जाऊन डॉक्टरीणबाईच्या टेबलावर हात आपटला. टेकाडवाल्यांना चालणं आणि चुडीवालीला ठेंगा? बाई घाबरली नाही. "लिफाफा त्यांनीच उचलला. मी निवडायला लागले तर मग खरं काय ते कसं कळणार? फरक पडला तर नंतर सगळ्यांना शिकवू." मी तेच आणखी जोरात बोललो आणि बाहेर आलो.

सकाळी विमलताई टेकाडावरून उतरायची आणि नदीच्या पुलापर्यंत चालायची. बोलता येईल एवढ्याच वेगानं, दम लागला की थांबायचं, असं नर्सनं सांगितलेलं. पहिले काही दिवस नर्स सोबत असायची. दारात बसलेली कमरूबी जळायची. "नर्स काय, पांढरे बूट काय! वरात चालली जशी."

एक दिवस तिनं टोपलं उचललं. चुडीवाली गावात फिरली तर कोण विचारणार? विमलताई पुढं, ही मागं. ती थांबली की ही कुणाच्या तरी दाराशी, "चुडी पाह्यजे काय वं?" ती निघाली की हीही निघाली. सुरुवातीला टोपलं नुसतं काखेत, चार बांगड्या घालून. मग भरत गेलं. मला कळलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, घे तुझा हक्क.

शेवटची तपासणी आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात घड्याळ लावून जमेल तेवढं चालायचं. विमलताई छान चालली. डॉक्टरीणबाई खूश. "बघा, चालण्याचा गुण!" मग कमरूबी चालली, तीही तेवढीच. बाईनं पायांची सूज दाबून पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्हाला गोळ्याच चांगल्या लागू पडल्या म्हणायच्या."

कमरूबी गप्प बसली असती तर निभलं असतं. पण तिच्याच्यानं कुठलं?

"गोळ्याइचा गुण? हिच्या पायाले शाबासकी अन् माह्या पायाचं नाव गोळ्याइले? रोज पुलापावतर गेलती मी! हिच्या मागं मागं, टोपलं घेऊन!"

डॉक्टरीणबाई खाली बसली. "तुम्हाला वाटेत काही झालं असतं तर? आणि अशा आणखी चारजणी गुपचूप चालल्या असत्या, तर मी काय लिहिलं असतं? दोन्हीकडं सारखंच, म्हणजे चालण्यानं काही होत नाही म्हणून. मग हे कुणालाच मिळालं नसतं."

तेव्हा माझं हसू गेलं. कमरूबीचंही तोंड उतरलं, पण जरासंच. "मंग आता मले चालनाऱ्यात घ्या."

"नाही घेता येत. लिफाफा निघाला त्याच गटात मोजणार. चाललात एवढं शेजारी लिहून ठेवते."

"म्हंजे चालून चालून कागदावर मी बसेलच हाव?"

कोपऱ्यात विमलताई पदर तोंडाला लावून हसत होती. "मले ठाऊक होतं वं. मांगून रोज बांगड्या वाजत. मी थांबली का त्याही थांबत. तुयाच भेवानं एक दिवस खाडा नाही केला मी. म्हटलं, घरी राह्यली तर ही पुढं निंघून जाईन!" मग हसू आवरून म्हणाली, "त्या कासाराले येऊ नको म्हणून सांगतो. पण टोपलं घेऊन टेकाड चढशीन काय?"

"तुमच्या अगोदर."

वैशाखात प्रेरणाच्या हळदीच्या सकाळी मी टेकाडाखाली उभा होतो. भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन कमरूबी थांबत थांबत चढत होती, पण पुढंच होती. मागं तिला घ्यायला खाली आलेली विमलताई, कमरेवर हात देऊन ओरडत होती,

"हळू वं बाई! कागदावर तू बसेल हायस न!"