वरच्या खोलीतली मैना

मैना अगदी आमच्या डोक्यावरच्या खोलीत राहायची. ओमानमधल्या जबल अख्दरच्या पठारावर, साइक गावाच्या थोडं पुढे एक हॉटेल आहे. त्याच्या मागे कर्मचाऱ्यांसाठी दुमजली इमारत आहे. माझा नवरा धनंजय हॉटेलच्या विजेचं आणि बॉयलरचं काम बघतो. मैनाचा नवरा बाळकृष्ण कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये मुख्य स्वयंपाकी होता. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात दोघं वर राहायला आली, आणि त्या हिवाळ्यात मी तिच्यावर जेवढी जळले तेवढी आयुष्यात कुणावर जळले नसेन.

ओमानमध्ये थंडी पडते हे सांगलीत माझ्या आईला अजून खरं वाटत नाही. मस्कतचे लोक डिसेंबरात समुद्रावर जातात, खाली निझव्यात मुलं दिवसभर बागेत खेळतात. आमच्याकडे वर मात्र सकाळी टाकीचा नळ गोठलेला असतो, आणि वारा असा की लहान पोराला दारात उभं करवत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी मुलं घरातच. शाळेत जाणारी मुलं असलेली कुटुंबं निझव्यात राहतात, त्यामुळे इमारतीत तीनच पोरं होती. माझी चार वर्षांची उर्वी, आणि शेजारच्या अल्फियाची दोन, पाच वर्षांचा जिब्रान आणि तीन वर्षांची हिबा. अल्फिया श्रीवर्धनची, हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करायची. तिची ड्युटी असेल तेव्हा तिची मुलं माझ्याकडे असत.

हे काम माझं होतं. मी पुण्यात बालशिक्षणाचा डिप्लोमा केलाय, सांगलीत सहा वर्षं बालवाडी चालवलीय. भिंतीवर मी वेळापत्रक लावलं होतं. नऊ वाजता गाणी, साडेनऊला रंग, दहाला अक्षरं. तक्ते सगळे हाताने केलेले. आणि तरी अकरा वाजेपर्यंत जिब्रान पलंगावरून उड्या मारत असायचा, हिबा रडत असायची आणि उर्वी माझा मोबाइल मागत असायची. मी मनाशी म्हणायचे, चार भिंतींत कोंडलेली मुलं आहेत, एवढं चालायचंच.

एकदा कोथिंबीर मागायला मी तिघांना घेऊन वर गेले. मैना जमिनीवर चादर पसरून मेसचे मूग निवडत बसली होती. अंगाने बारीक, पस्तिशीची, दाभोळजवळच्या एका खाडीकाठच्या गावातली. तिने मुलांकडे फारसं बघितलंही नाही. नुसती थोडी सरकली आणि तिघांपुढे एकेक मूठ मूग ओतले. मी कोथिंबीर घेऊन निघाले तर एकही पोर उठेना. म्हटलं, बसू देत पाच मिनिटं. तासाभराने आणायला गेले तेव्हा जिब्रान, जो माझ्याकडे दहा मिनिटं एका जागी बसत नाही तो, खडे वेगळे काढून एका वाटीत टाकत होता आणि हिबा चिडीचूप त्याची वाटी धरून बसली होती.

तिथून सुरू झालं. सकाळी डोळे उघडले की उर्वी म्हणायची, मैनामावशीकडे जायचं. जेवताना मावशी, आंघोळ करताना मावशी. वर काय चालायचं ते बघायला मी काही ना काही निमित्त काढून जायचे. कधी लसूण सोलणं, कधी जुन्या कपड्यांच्या चिंध्या करून दोरी वळणं. कामं संपली की गादीची होडी व्हायची. जिब्रान पाणी उपसायचा, उर्वी पुढे बसून दगड कुठे आहेत ते सांगायची. हिबा नांगर. नांगराने जागचं हलायचं नाही, हललं तर होडी वाहून जाणार. तीन वर्षांची पोर पाऊण तास हलायची नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते उर्वीच्या बोलण्याचं. माझ्याशी ती निम्मं इंग्रजीत बोलायची. मराठीत बोल म्हटलं की गप्प बसायची. दोन वर्षं मी गोष्टी सांगून, गाणी म्हणून, रागावून बघितलं होतं. आणि एक दिवस जिन्यात उभी असताना मी वरून तिचा आवाज ऐकला. ‘‘मावशी, मला पण दे ना गो, याला किती वेळ दिलंस.’’ माझी मुलगी बोलत होती, अख्खं वाक्य, तेही दुसरीच्या बोलीत. मी आत न जाता खाली आले आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले.

मी खाली होडी करून बघितली. माझी गादी जाड होती, ब्लँकेट नवं होतं, कागदाचं शीड मी स्वतः रंगवलं होतं. मुलं पाच मिनिटं बसली आणि उठली. जिब्रान म्हणाला, ही खरी होडी नाही. रात्री जेवताना धनंजय सहज म्हणाला, मैनाकडे पोरं किती शांत असतात, नाही. मी त्याला वाढता वाढता थांबले. माझ्या डिप्लोमाची त्याला आठवणही नव्हती. ती चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिला स्वतःचं मूल नाही, आणि माझं घर मात्र रोज सकाळी रिकामं होत होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी ते केलं. अल्फिया मुलांना न्यायला आली होती. मी तिला चहा दिला आणि काळजीच्या सुरात म्हटलं की मैनाच्या खोलीत कॉइलचा उघडा हीटर जमिनीवरच असतो, पोरं त्याच्या अगदी जवळ खेळतात, मला तर बघवत नाही. हीटर मी एकदाच जमिनीवर पाहिला होता, मैना एकटी असताना. मुलं आली की ती तो बंद करून कपाटावर ठेवायची, हेही मी पाहिलं होतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, ‘‘तिचा दोष नाही गं. मूल झालेलं नसलं की या गोष्टी सुचत नाहीत.’’

दुसऱ्या दिवसापासून अल्फियाची मुलं वर गेली नाहीत. तिला ड्युटीसाठी माझी गरज होती, माझ्याशी वाकडं घेणं तिला परवडणारं नव्हतं. उर्वीला मी सांगितलं की मावशीला बरं नाही. मैना जिन्यात भेटायची तेव्हा हसायची, मुलांबद्दल विचारायची नाही. मला वाटलं होतं, हायसं वाटेल. पहिले दोन दिवस वाटलंही.

नंतरच्या मंगळवारी सकाळपासून गारा पडत होत्या. दहाच्या सुमाराला वीज गेली. धनंजय हॉटेलच्या जनरेटरवर होता, अल्फिया ड्युटीवर. मी मेणबत्ती शोधत होते आणि तेवढ्यात हिबा बाथरूममध्ये गेली आणि आतून दार लागलं. कुलपाची कळ तिने कशी फिरवली कुणास ठाऊक. आत छोटा झरोका होता, पण बाहेर ढगांनी इतकं झाकोळलं होतं की उजेड नावापुरताच. ती किंचाळायला लागली. मी दार ठोठावलं, कळ उलटी फिरव म्हणून ओरडले. मी जितकी ओरडले तितकी ती जास्त किंचाळली. आत कसलीतरी बादली पडल्याचा आवाज आला. गीझर, ओली फरशी, सगळं डोळ्यांपुढे आलं. धनंजयला फोन केला, तो म्हणाला जनरेटर सुरू करून येतो, अर्धा तास लागेल.

मैनाला बोलवायचं मला सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं. माझा पाय उचलत नव्हता. बोलावून आणलं ते उर्वीने, मला न विचारता.

मैना अनवाणीच आली. तिने एकदा दाराकडे बघितलं आणि मला म्हणाली, ‘‘वहिनी, तुमी जरा लांब व्हा.’’

त्याही क्षणी मला ते टोचलं. पोर माझ्या घरात अडकलीय, आणि मला लांब व्हायला सांगतेय. पण मी झाले. मैना फरशीवर पालथी पडली, गाल टेकवला आणि दाराखालच्या फटीतून चार बोटं आत सरकवली.

‘‘हिबा, माजी बोटं दिसतात काय गो? किती हायत?’’

रडणं चालूच. मैनाने बोटं हलवली, थांबवली, परत हलवली. घाईच नव्हती तिला. बऱ्याच वेळाने आतून हुंदक्यातून आलं, ‘‘फोर.’’ मग चिमुकला हात तिच्या बोटांना लागला असावा, कारण मैनाचा चेहरा एकदम सैल झाला. तिने जिब्रानला कपड्यांचे चिमटे आणायला सांगितलं. एकेक चिमटा ती फटीतून आत ढकलायची आणि हिबाने तो परत बाहेर ढकलायचा. लाल गेला, लाल आला. निळा गेला, निळा आला. जिब्रान आणि उर्वी दोन बाजूंना पालथी पडून मोजत होती. धनंजय यायला चाळीस मिनिटं लागली. त्याने कुलपाचे स्क्रू काढून दार उघडलं तेव्हा हिबा भिंतीला टेकून मांडीवर चिमटे घेऊन बसली होती, आणि खेळ थांबला म्हणून तिला रडू आलं.

मुलांना दूध देऊन मी आम्हा दोघींसाठी चहा ठेवला. मी तिला विचारलं, हे सगळं तुला कुणी शिकवलं. विचारलं ते कौतुकाने नाही, खरं तर हिशेब लावायला विचारलं. इतकी वर्षं शिकून मला जे येत नाही ते हिला कुठून येतं.

मैनाने सांगितलं ते असं. तिचा बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता, आई कंपनीत कोळंबी सोलायला जायची. घराच्या मागे दहा पावलांवर खाडी. मैनाच्या पाठचे तीन भाऊ, धाकटा तर जेमतेम रांगणारा. पोरं पाण्यात जातील म्हणून आई कामावर जाताना बाहेरून कडी लावायची. तेव्हा मैना नऊ वर्षांची होती. चौथीतून शाळा सुटली ती त्याचसाठी. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत चौघं एका खोलीत. धाकट्याला चुलीपाशी जाऊ द्यायचं नाही, मधल्यांना भांडू द्यायचं नाही, आणि रडण्याचा आवाज बाहेर गेला तर शेजारीण आईला बोलणार. अशी तीन वर्षं गेली. हिबाला नांगर का केलं ते मला तेव्हा समजलं.

‘‘पलीकडंच शाळा होती,’’ ती म्हणाली. ‘‘पाढे म्हनायची पोरं, सगळं आयकू यायचं. माज्या वर्गातल्या पोरी. एकेकीचा आवाज वळखायचे मी. लय जळायचे त्यांच्यावर. वाटायचं, यांच्या शाळंचं छप्पर उडून जाऊ दे.’’

मी चहाचा कप खाली ठेवला आणि हीटरचं मीच अल्फियाला सांगितलं होतं असं म्हटलं.

‘‘ठाव हाय,’’ मैना म्हणाली. ‘‘त्याच दिवशी ती बोलली मला.’’

‘‘मग तू काही म्हणाली का नाहीस?’’

‘‘राग आला होता. आजून हाय. हीटरचं सोडा. मूल नाय म्हनून सुचत नाय म्हनालात, त्याचा आलाय.’’

मी चुकले म्हटलं, तिने मान हलवली, पण काही हरकत नाही वगैरे म्हणाली नाही. कप धुऊन ठेवला आणि निघाली. दारात थांबून भिंतीवरच्या माझ्या इंग्रजी अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं. मग मला विचारलं, दहा वाजता पोरांना तुम्ही हे शिकवता तेव्हा मी येऊन बसले तर चालेल का. बाळकृष्णला मेसच्या सामानाच्या याद्या इंग्रजीत येतात, त्या तिला वाचायच्या होत्या.

संध्याकाळी मी अल्फियाला खरं काय ते सांगितलं. ती माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलली, आणि मुलं परत वर जायला लागली.

फेब्रुवारी संपेपर्यंत असं चाललं की दहा ते अकरा मैना खाली आमच्याकडे, तिघं मुलं आणि ती एका रांगेत बसलेली, आणि त्यानंतर सगळी वर. मला वाटलं होतं, निदान हा एक तास तरी माझा असेल. पण मैना चुकली की तिघं मिळून तिला शिकवायची. जिब्रान तिचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायचा, उर्वी मराठीत समजावून सांगायची, हो, मराठीत. माझा तक्ता, माझी पट्टी, आणि मास्तर झाली ती तिघं. पोरं माझ्या वर्गात पहिल्यांदा तासभर बसली ती तिच्यामुळे. हे मान्य करायला मला जड गेलं, आजही जातं. हिवाळा संपता संपता मैना ‘ओनियन’ आणि ‘लेंटिल’ वाचायला लागली. यादीवर बोट ठेवून वाचायची आणि माझ्याकडे बघायची. मी शिकवलेलं कुणी इतकं मन लावून घेतलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

पुढच्या वर्षी बाळकृष्णला इब्रा शहरात एका कॅम्पच्या स्वयंपाकघरात जास्त चांगली नोकरी मिळाली आणि ती दोघं गेली. आता वर एक केरळचं जोडपं राहतं. मैना इब्रात एका शाळेच्या बालवर्गात मदतनीस आहे. तिथल्या बाईंनी तिला घेतलं ते दोन दिवस काम बघून. मी डिप्लोमाच्या प्रती काढून निझव्यातल्या दोन शाळांत देऊन आले होते, तिथून अजून फोन नाही. मैनाची बातमी कळली तेव्हा मी तिला अभिनंदन म्हटलं आणि फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी उभी राहिले.

दर शुक्रवारी उर्वी तिला फोन करते. पाऊण तास बोलते, सगळं मराठीत. मी आत स्वयंपाक करत असते आणि ऐकत असते. मैनाने तिला ईदच्या सुट्टीत चार दिवस इब्राला बोलावलंय. धनंजय म्हणतो, पाठवू या. मी हो म्हटलंय. उर्वीची बॅग मीच भरणार आहे, आणि तिच्याबरोबर आपणही जावं का, हे मात्र अजून ठरत नाही.