ग्रँड गाडी

काल आईनं फोनवर "कशी आहेस?" विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीनं "ग्रँड" निघालं. फोन ठेवला आणि २०२० सालचे बाबा आठवले.

ते एकटेच नागपूरहून दोन महिन्यांसाठी माझ्याकडे ॲडम्सटाउनला आले आणि विमानंच बंद झाली. मग दिवसभर खिडकीची खुर्ची, आणि समोर शेजारच्या आयरिश पॅटची जुनी अमेरिकन गाडी. लांबलचक, तपकिरी, दोन्ही अंगांना खोट्या लाकडाचे पट्टे. मला ती चाकं लावलेलं कपाट वाटायची. बाबा चिडायचे. "काहून नावं ठेवते तिला? डौल पाहा तिचा!"

एकदा पॅट अंगणात दिसला तेव्हा बाबांनी खिडकी उघडून गाडीचं कौतुक केलं. तो हसून म्हणाला, "शी इज ग्रँड."

"ऐकलंस? मालकच भव्य म्हणतो!"

"बाबा, इथे आयरिश बोलण्यात ग्रँड म्हणजे भव्य नाही. नुसतं ठीक. चाललंय आपलं."

बाबा खिडकीतून आणखी वाकले. पॅटच्या अंगणातल्या ओल्या ताडपत्रीचा वास येत होता. गाडीचे टायर बसले होते, चाकांभोवती गवत वाढलं होतं.

"कुठे जात नाही ना ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. उभीच असते."

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. "कसे आहात?"

बाबांनी गाडीकडे पाहिलं. "ग्रँड."

"मजा आहे बाई तुमची!" आई खूश होऊन म्हणाली.

बाबांनी तिला अर्थ सांगितला नाही. मीही अजून सांगितलेला नाही.